दोन बरण्यांचा धूप

कोलोबान, दाकार
१२ नोव्हेंबर १९९६

ती. वन्सं यांना,
नोगायचा सा. सलाम, वि. वि.

पत्र तुमच्या भावाच्या हाती देते आहे. टेलिसेंटरवरून फोन केला असता, पण तिथे पाठीमागे रांग उभी असते आणि आपलं बोलणं अख्ख्या कोलोबानला फुकट ऐकायला मिळतं. ह्यांची सात जागांची पेजो टॅक्सी आठवड्यातून दोनदा सें-लुईला जाते-येते, तेव्हा आपला टपालवाला घरचाच आहे. हे वाचत नाहीत, एवढा तरी गुण आहे.

पत्रास कारण माझी मोठी लेक, तुमच्या नावाची म्हणून तुमची ‘धाकटी’. सुट्टीत दोन महिने तुमच्याकडे राहिली ती तुमचीच होऊन आली. सोळा वर्षांची पोर, आणि पिशवीत काय, तर तुमच्या हातच्या चुरायची बरणी! वन्सं, चुरायचा धूप जाळावा तो लग्न झालेल्या बायकांनी, नवरा घरी यायच्या वेळी. शाळकरी पोरीच्या खोलीत रोज संध्याकाळी मातीची शेगडी धुमसायला लागली तर शेजारणी काय समजतील? मी विचारलं तिला, कोणी मुलगा आहे का म्हणून. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मोटारतळावरची कोणी परकी बाई. मग म्हणाली, आत्याचा वास आहे, त्याने डोकं शांत होतं.

माझ्या घरात माझ्या मुलीचं डोकं तुमच्या वासाने शांत होतं! मग सोळा वर्षं मी काय नुसती भांडी घासली? तुमचं नाव तिला मीच हौसेने ठेवलं, ते खरं. पण नाव घेतलं म्हणजे तुम्हाला माणूस दिलं असं होत नाही.

रागावू नका. मनात ठेवलं तर आंबतं, म्हणून लिहिलं. तुमचा लोभ आहेच, तो सगळा धाकटीवर न सांडता चमचाभर माझ्याही वाट्याला ठेवावा.

तुमची,
नोगाय

ता. क. तुमच्या चुरायमध्ये काय काय असतं ते कळवावं. सहज विचारते आहे.


सोर, सें-लुई
१७ नोव्हेंबर १९९६

चि. सौ. नोगाय हिस,
थोरल्या सुकेनाचे अ. उ. आ.

तुझं पत्र मोमारने दिलं आणि माझ्याकडचा मासळी-भात दोनदा वाढून घेतला. त्याला घरी जेवायला घालतेस ना?

चुरायमध्ये काय असतं ते सांगणार नाही. माझ्या आईने ते मला शेवटच्या आजारात सांगितलं, मी ते धाकटीला सांगितलं. मध्ये तुझी पायरी येत नाही, त्याला मी काय करू? आणि मुलगा-बिलगा कोणी नाही, एवढं खात्रीने सांगते. कसं माहीत ते विचारू नकोस. पोर मला काही गोष्टी सांगते. नदीकाठी बसून सांगितल्या, शपथ घालून सांगितल्या, आईला कळवायच्या नाहीत या बोलीवर सांगितल्या. तेव्हा त्या माझ्यापाशीच राहतील. काळजी करण्यासारखं काही नाही. शाळेत पस्तीस पोरं रोज हाताळते, मला कळतं.

तुला आठवतं, ती सात वर्षांची असताना मी तिला मागितली होती. नाव देणारीचा तो हक्कच आहे. मला मूल नाही, तुला तीन. तू मोमारला पुढे केलंस आणि स्वतः दाराआड उभी राहिलीस. मी ते गिळलं. आता बरणीभर धुपावरून तुझ्या पोटात दुखायचं कारण नाही. शिवाय नवऱ्याची बहीण म्हणजे आपल्याकडे बाईचा दुसरा नवरा. पहिल्याचं ऐकत नाहीस, निदान माझं तरी ऐक.

लहान दोघांना गोड पापा. माझ्यावर जेवढा राग असेल तेवढाच लोभ असू दे, म्हणजे पुष्कळ होईल.

तुझी,
सुकेना (थोरली)


कोलोबान, दाकार
९ जानेवारी १९९७

ती. वन्सं यांना,
सा. सलाम, वि. वि.

रमजान तोंडावर आला. तुम्हाला आधीच मुबारक.

तुम्ही कृती दिली नाहीत, तर आमचं अडलं नाही. बाजारातून बिया, मुळ्या, लाकडाचे चिरे, अत्तरं आणली, कुटली, कालवली, बरणीत तोंड बांधून तीन आठवडे मुरवली. धाकटीने झाकण उघडून हुंगलं आणि बरणी उचलून खोलीत नेली. खोटं कशाला बोलू, ईदचा बोकड दारात यावा तसा आनंद झाला मला. आता तिच्या फळीवर दोन बरण्या आहेत. मी रोज झाडताना बघते, कोणाची किती उतरली. माझी दोन बोटं जास्त उतरली आहे, ते आपलं कळवते.

बाकी तिचं लक्षण ठीक नाही. धूप आता दिवसातून दोनदा जाळते आणि दार लावून त्या धुरात बसते. डोळे लाल, चालताना तोल जातो, डोकं दुखतं म्हणते. पहिल्या सत्रात तीन विषय गेले. भांड्याच्या तळाची खरवड मी लहानपणापासून तिच्यासाठी राखते, त्यावरून भावंडांशी मारामाऱ्या करायची. परवा तशीच टाकून उठली. मी म्हटलं, धूर कमी कर, तर म्हणे शेजारच्या बाबकर सुताराच्या पॉलिशचा वास भिंतीतून येतो, त्यावर धूप बरा. तेही खरंच आहे म्हणा.

तुम्हाला ती काय सांगते ते मला विचारायचं नाही. विचारत नाही. फक्त एवढंच, आई मी आहे.

आपला लोभ मुरत ठेवावा, चुरायसारखा.

नोगाय


सोर, सें-लुई
१५ जानेवारी १९९७

चि. सौ. नोगाय हिस,
अ. उ. आ.

तुझ्या दोन बोटांबद्दल अभिनंदन. सोबत नवी बरणी पाठवते आहे. हिच्यात राळ दुप्पट आहे आणि कस्तुरीही घातली आहे. एक चिमूट टाकली की वास भिंतीत तीन दिवस राहतो. बाजारच्या अत्तरांना ते जमायचं नाही. बघू आता कोणाची आधी संपते.

डोकेदुखीचं वाचून मात्र जेवण गेलं नाही. एक विचारते. वर्गातल्या पोरी आपल्याबद्दल कुजबुजतात, असं काही ती बोलते का? नसेल बोलत तर सोडून दे. मी काही सांगितलं आहे असं तिला वाटता कामा नये. तुझ्याशी बोलत नसेल, तर खोदून विचारू नकोस. कोणाशी बोलायचं ते पोरींना बरोबर कळतं.

रोजे नीट पार पडोत. दुव्यात माझं नाव घेशील तेव्हा थोरलीचं म्हणून वेगळं घे, धाकटीच्या नावात खपवू नकोस.

सुकेना (थोरली)


कोलोबान, दाकार
२० फेब्रुवारी १९९७

वन्सं,

पोर जिवंत आहे, हे आधी लिहिते.

सोमवारी दुपारी मी अंगणात तांदूळ निवडत होते. तिच्या खोलीत भसकन आवाज झाला आणि ती पेटती बाही घेऊन बाहेर आली. ओरडली नाही. मी तिला वाळूत लोळवलं. डावा हात मनगटापर्यंत भाजला, भुवया गेल्या. आत शेगडीवर तुमचा चुराय धुमसत होता आणि बाजूला फडक्याचा बोळा जळत होता. खाटेखाली थिनरचा डबा सापडला आणि फडक्यांचं गाठोडं. बाबकर सुतार आता डोकं धरून बसला आहे. म्हणतो, मुलगी शाळेच्या कामाला हवं म्हणायची, म्हणून वाटी-वाटी देत होतो. चार-पाच महिने ती ते फडकं नाकाला लावून हुंगत होती.

आपण दोघी कशासाठी धूप कुटत होतो, ते कळलं का वन्सं? तो वास झाकायला. मी बोटं मोजत होते, तुम्ही राळ दुप्पट करत होतात, आणि तिला दोन्ही बरण्या सारख्याच होत्या.

हाताला पट्टी बांधून तिला मनाच्या आजारांच्या वॉर्डात पाठवलं आहे. तिथला नियम असा की रुग्णाला एकटं घेतच नाहीत. घरचं एक माणूस सोबतीला हवं, रात्रंदिवस, खाटेशेजारी चटई टाकून. रुग्ण बरा होऊन घरी जातो, तेव्हा घरानेही काही शिकलेलं असावं लागतं, असं ते म्हणतात. नर्सने धाकटीला विचारलं, सोबतीला कोण हवं. मी समोर उभी होते. तिने तुमचं नाव घेतलं.

मी नाही म्हटलं. नर्सला सांगितलं की तुमची शाळा आहे, तुम्हाला जमणार नाही. तुम्हाला विचारलं नाही, कळवते आहे. चटईवर मी बसले आहे. लोभाचं पुढे बघू.

नोगाय


सोर, सें-लुई
२४ फेब्रुवारी १९९७

सौ. नोगाय हिस,

पत्र वाचून अल्लाचे आभार मानले, मग तुझा राग केला. दोन्ही मनापासून.

माझी शाळा आहे, हे तू कोण सांगणार? वीस वर्षांत मी एकही रजा घेतलेली नाही. मी पहिल्या गाडीने आले असते. पोर माझं नाव घेते आणि तू मध्ये उभी राहतेस, हे दुसऱ्यांदा झालं. सात वर्षांची असताना एकदा, आणि आता.

न बोलावता मी येणार नाही. तुझी चटई तुला लखलाभ. डॉक्टरांना काही विचारायचं असेल, तर मला विचारावं. मला जे माहीत आहे ते मी त्यांना सांगेन, आणि ते समोरासमोर बसून, तुझ्या हाती चिठ्ठी देऊन नाही. बोलाव, म्हणजे सांगते.

धाकटीच्या हाताला माझा हात लागल्यासारखा समज. एवढंच.

सुकेना


कोलोबान, दाकार
३० मार्च १९९७

ती. वन्सं यांना,
सलाम.

पाच आठवडे तुम्हाला लिहिलं नाही. लिहिणारही नव्हते.

वॉर्डात एकवीस दिवस होतो. त्यातले अकरा दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी केस विंचरायची, ती भिंतीकडे बघायची. दर शुक्रवारी तिथे सगळे मोठ्या चटयांवर गोल करून बसतात, डॉक्टर, नर्स, रुग्ण, सोबती. ज्याला जे बोलायचं ते बोलतो. धाकटी तिथेही गप्प. डॉक्टरांनी मला विचारलं की आधी काय होतं. मी म्हटलं, काही नव्हतं, पोर चांगली होती, थिनरने बिघडली. त्यांनी ते लिहून घेतलं. अंगातून विष उतरलं, खायला लागली, म्हणून घरी सोडलं.

घरी दहा दिवस राहिली. अकराव्या दिवशी बाबकरच्या दुकानामागे सापडली, भाजलेल्याच हातात फडकं. मला ओढत आणावं लागलं. आणि ती रस्त्यात कोणाला तरी सांगत होती, गप्प बसा, गप्प बसा. तिथे कोणी नव्हतं. रेडिओ मी कधीच बंद केला होता, तरी म्हणाली बंद कर.

पुन्हा वॉर्डात आहोत. डॉक्टर म्हणाले की नशेने डोकं बिघडलं की बिघडत्या डोक्याने नशा शोधली, हे कळलंच पाहिजे. दोन आजार एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे आहेत. एकालाच ढकललं तर दुसरा त्याला धरून ठेवतो. हे पहिल्यांदा केव्हा सुरू झालं, असं त्यांनी पुन्हा विचारलं. मी आई असून तोंड बंद करून बसले.

तुम्हाला काहीतरी माहीत आहे. नोव्हेंबरापासून माहीत आहे. मी हात पसरून मागते आहे. तिचं नाव तुमच्या पदरात घातलं होतं, जीव नव्हता घातला.

नोगाय


सोर, सें-लुई
२ एप्रिल १९९७

चि. सौ. नोगाय हिस,

तू बोलावल्याशिवाय येणार नाही असं मी म्हटलं होतं. तो माज आता गेला. मी येते आहे, पण मोमार आज परत निघतो आहे आणि हे माझ्याआधी डॉक्टरांच्या हाती पडलं पाहिजे. त्यांना वाचून दाखव.

सप्टेंबरमध्ये नदीकाठी धाकटीने मला सांगितलं की त्याआधीच्या रमजानपासून तिला आवाज ऐकू येतात. वर्गात पोरींची तोंडं बंद असतात तरी कुजबूज चालू असते. एक बाई आणि एक पुरुष. म्हणतात, तू कोणालाच नको आहेस. रेडिओवरचा बातम्या देणारा मध्येच तिच्याबद्दल बोलतो. झोप येत नाही. आणि ती म्हणाली की बाबकर सुताराच्या दुकानासमोर थोडा वेळ उभं राहिलं, तर तो वास डोक्यात जातो आणि ते दोघे जरा लांब जातात.

मी हसले, नोगाय. वासानेच बरं वाटत असेल तर चांगला वास घे, असं म्हटलं आणि बरणी दिली.

शपथ होती, ते खरं. पण मी शपथेच्या आड लपले. खरी गोष्ट अशी की मला ते गोड लागत होतं. तू प्रत्येक पत्रात विचारायचीस, पोरीला काय झालंय, आणि उत्तर माझ्याजवळ असायचं, तुझ्याजवळ नसायचं. मूल तुझं, पण गुपित माझं. माझ्या वाट्याला तेवढंच आलं होतं आणि ते हातातून सोडवत नव्हतं. जानेवारीत पत्रात अर्धी ओळ लिहिली आणि तिथेच थांबले. तेव्हा पूर्ण लिहिली असती, तर तिचा हात भाजला नसता. आग लागल्यावरसुद्धा मी तुला अडवून धरलं, तू मला बोलवावंस म्हणून.

तुझा हेवा मी तिच्या जन्माच्या दिवसापासून केला. नामकरणाला तिचं डोकं भादरलं, तिच्या कानात माझं नाव सांगितलं, आणि मग ते बाळ दूध प्यायला तुझ्याकडे गेलं. त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन रडले होते.

लोभ मागायचं तोंड मला उरलेलं नाही. शिव्या देऊन ठेव, आल्यावर ऐकेन.

सुकेना


वॉर्डातून, दाकार
४ एप्रिल १९९७

ती. वन्सं यांना,
नोगायचा सा. सलाम, वि. वि.

तुमचं पत्र डॉक्टरांना वाचून दाखवलं. दाखवताना वाटलं की संपेपर्यंत थांबावं आणि मग उठून सें-लुईपर्यंत चालत येऊन तुमचे केस उपटावेत. पण तुम्ही नामकरणाचं लिहिलंत तिथे मी कागद नर्सच्या हाती दिला. शेवटचा भाग तिने वाचला.

मग डॉक्टरांनी मला पुन्हा विचारलं की याच्याही आधी काही होतं का. वन्सं, होतं. ती तेरा वर्षांची होती. सासूबाई गेल्या, त्यांचा चाळिसावा दिवस झाला त्या आठवड्यात ती चार रात्री झोपली नाही. पाण्याच्या टाकीमागे बसून बोलायची, मध्येच थांबायची, मान हलवायची आणि पुन्हा उत्तर द्यायची. मी तीनदा पाहिलं. पुढे ते आपोआप थांबलं. ह्यांना मी सांगितलं नाही, आणि तुम्हाला तर मुळीच नाही. तुम्ही म्हणाला असता, आईला सांभाळता येत नाही, द्या माझ्याकडे. पोर गेली असती माझी. म्हणून मी टाकीमागे गोणपाट लावलं, बाहेरून दिसू नये म्हणून.

डॉक्टरांनी दोन्ही गोष्टी एकाच कागदावर लिहिल्या. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. आता आवाजांचं औषध वेगळं सुरू केलं आहे आणि थिनरच्या ओढीचा उपाय वेगळा, दोन्ही एकदम. वेळ लागेल म्हणाले.

या. चटई तुमची. तिने तुमचंच नाव घेतलं होतं आणि मी नर्सला खोटं सांगितलं होतं, तेही मी आज सांगून टाकलं. मी घरून रोज डबा आणीन. येताना कपडे आणा, पांघरूण आणा, चुराय आणू नका.

माझा लोभ दारातच उभा आहे, तुम्ही आलात की आत घ्या.

नोगाय


वॉर्डातून, दाकार
१६ मे १९९७

ती. आई आणि ती. आत्या, दोघींना,
सुकेनाचा (धाकटीचा) सा. सलाम, वि. वि.

पत्र एकच लिहिते आहे. दोन लिहिली तर तुम्ही ओळी मोजाल. आधी आईकडे येईल, कारण घर जवळ आहे, लाडकी आहे म्हणून नाही. मग बाबांचे सोबतचे ड्रायव्हर ते सें-लुईला नेतील. बाबा नेऊ शकत नाहीत, कारण ते इथे माझ्या चटईवर बसले आहेत. का बसले आहेत ते तुम्हाला माहीतच आहे.

तरी लिहिते, म्हणजे लाज वाटेल. आत्या, तू दोन आठवडे छान राहिलीस. मग आई डबा घेऊन आली की तू म्हणायचीस, मीठ जास्त आहे. आई, तू डबा ठेवून निघून जायच्याऐवजी दार अडवून उभी राहायचीस आणि आत्याने घातलेली वेणी सोडून पुन्हा घालायचीस. बकरी ईदच्या दिवशी माझ्या हाताला मलम कोणी लावायचं यावरून तुम्ही ट्यूब दोन्ही बाजूंनी ओढलीत आणि ती नर्सबाईंच्या अंगावर फुटली. त्यानंतर तीन आठवडे त्यांनी वाट पाहिली आणि मग दोघींनाही आठ दिवसांसाठी घरी पाठवलं, ते बरोबरच केलं. बाबा दुपारीही घोरतात. त्या आवाजापुढे बाकीचे आवाज ऐकू येत नाहीत, हा त्यांचा फायदा.

माझं सांगते. औषधाने जीभ जड होते आणि खूप भूक लागते. थिनरची आठवण रोज येते, भाजलेला हात खाजला की जास्त. पण मला ती नर्सबाईंना सांगता येते. ते दोघे अजून आहेत. रोज नाही. आले तरी भिंतीपलीकडून बोलल्यासारखे.

आज शुक्रवार होता, चटईवर सगळे गोल बसले. मी पहिल्यांदाच बोलले. सगळ्यांना सांगितलं की मला तीन वर्षं, मधले काही महिने सोडून, दोन आवाज ऐकू येतात आणि ते म्हणतात, तू कोणालाच नको आहेस. मी त्यांच्यावर विश्वास ठेवायची. काल ते पुन्हा आले, तेव्हा मी त्यांना उत्तर दिलं. म्हटलं, खोटं बोलता. माझ्या खाटेशेजारच्या चटईसाठी दोन बायका तीन आठवडे भांडल्या आणि शेवटी दोघींना वॉर्डातून हाकलावं लागलं. हे ऐकून डॉक्टर हसले, सगळे हसले, बाबा जागे झाले आणि तेही हसले, कशाला ते न कळता. ते दोघे मात्र काही बोलले नाहीत.

सोमवारी तुमचे आठ दिवस संपतील. कोणी यायचं ते तुम्हीच ठरवा, मला विचारू नका. आई, डब्यात खरवड घाल. आत्या, खरवड अर्धी तुझी, पण मिठाबद्दल बोलायचं नाही. धूप दोघींनीही पाठवू नये.

तुमचा लोभ आहे हे तर सगळ्या वॉर्डाला कळलं आहे. तो असाच राहू द्या, फक्त जरा हळू आवाजात.

तुमची दोघींची,
सुकेना